निरोपाचा रकाना

नोकरी धरली तेव्हा नानांनी एकच अट घातली होती. नाना म्हणजे माझे वडील. घरात आम्ही त्यांना नाना म्हणायचो आणि आमचं सगळं असोदा गावही नानाच म्हणायचं. शेतातून येऊन ते ओट्यावर पाय धूत होते, मी पाणी घालत होते. मान वर न करता म्हणाले, "कर नोकरी. पन ज्या दिवशी लगन ठरीन, त्या दिवसापासून बंद. मंग रडाचं नही."

मी हो म्हटलं. त्या क्षणी त्यांनी काहीही मागितलं असतं तरी हो म्हटलं असतं. बी.कॉम. झालं होतं, जळगावात कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, आणि थोरल्या बहिणीचं लग्न होऊन ती भुसावळला गेल्यापासून घरात माझ्याकडे बघणाऱ्यांची नजर बदलली होती. आत्या, मावश्या, शेजारणी आल्या की आधी माझी उंची मोजायच्या आणि मग चहा घ्यायच्या. नोकरी मिळाली म्हणजे निदान दिवसभर तरी या नजरांपासून सुटका, असा माझा हिशेब होता.

पण त्या अटीनं मला सुखानं जगू दिलं नाही. संध्याकाळी बसमधून उतरून गल्लीत वळले की मी आधी आमच्या ओट्याखाली बघायची. अनोळखी जोडे दिसले की मी पायरीपाशीच थांबायची. ते कधी खतवाल्याचे असायचे, कधी केळीच्या व्यापाऱ्याचे, पण ते कळेपर्यंत मी मनातल्या मनात नोकरी सोडून मोकळी झालेली असायची. आणि मला ती सोडायची नव्हती. तोपर्यंतच्या आयुष्यात मला जमलेली आणि फक्त मलाच जमलेली अशी ती एकच गोष्ट होती.

दुकान भांड्यांचं. जळगावच्या बाजारात, मारवाडी जैन घराण्याचं. शेठजींचे आजोबा राजस्थानातून आले होते, आणि शेठजी स्वतः इथलेच होऊन गेले होते. आमच्याकडे मुलीच्या लग्नाची भांडी घेणं म्हणजे एक कार्यक्रमच. आईवडील, मामा, आत्या, शेजारची एखादी जाणती बाई, सगळे गाडी करून येतात, गादीवर मांड्या घालून बसतात, हंड्याला टिचकी मारून कानाशी धरतात, परात उलटीपालटी करून पाहतात, आणि शेवटी एकेका भांड्यावर नाव घालून घेतात. नाव घालायचं मशीन दिवसभर किरकिरत असायचं. माझी काचेची खोली बरोब्बर त्याच्या पाठीमागे होती. सुरुवातीला ती किरकिर मला घरी जेवतानासुद्धा ऐकू यायची.

शेठजींच्या डोक्यात सगळी गिऱ्हाइकं बसलेली होती. माणूस पायरी चढतो न चढतो तोच ते म्हणायचे, "या भाऊ, या. यावलच्या लेकीला दिलेला पितळी हंडा वापरतात का अजून, का टाकला माळ्यावर?" भाऊ तिथेच विरघळायचे. मग ते दुसऱ्या दुकानात जायचे नाहीत, त्यांचे भाऊबंदही जायचे नाहीत. दुकान वाढलं ते असं.

आणि वाढलं म्हणून अडलं. धुळ्याला दुसरं दुकान निघालं. पहिल्याच मोसमात तिथे एक जुनं गिऱ्हाईक गेलं. थोरल्या मुलीची सगळी भांडी त्यांनी जळगावहून नेली होती, धाकटीची धुळ्यात घ्यायला आले. तिथल्या नव्या पोरांनी त्यांना 'काय पाहिजे काका?' असं विचारलं. माणूस रागानं उठला आणि समोरच्या दुकानात जाऊन बसला. ही बातमी जळगावला पोचली तेव्हा शेठजी जेवत होते. ताटावरून उठले आणि म्हणाले, "आपल्या दारात येऊन माणूस अनोळखी झाला. याला धंदा म्हणायचा का?"

त्यावर धाकट्या शेठनी, म्हणजे शेठजींच्या मुलानं, उपाय आणला तो कॉम्प्युटर. तो आला त्या दिवशी त्याच्या काचेवर कुंकवाचं बोट लागलं, पेढे वाटले गेले, आणि खोलीबाहेर 'चपला काढा' अशी पाटी लागली. पुण्याच्या एका माणसानं प्रोग्राम लिहून दिला होता. काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं, आणि सगळं मराठी इंग्रजी अक्षरांत टाकायचं. गिऱ्हाईक कोण, गाव कोणतं, काय नेलं, कोणाच्या लग्नात नेलं, मुली किती, दिल्या कुठे, दिल्या नसतील तर वय काय. शेठजींच्या डोक्यातलं सगळं त्या खोक्यात भरायचं, म्हणजे धुळ्याच्या पोरांनाही ते दिसेल. आज या कामाला सीआरएम म्हणतात आणि त्याचे धडे देणारे लोक गळ्यात टाय बांधून येतात. आमच्याकडे त्याला नाव नव्हतं. शेठजी त्याला 'ओळख भरणं' म्हणायचे, आणि मला तेच नाव अजून जास्त पटतं.

दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की शेठजी माझ्या खोलीत येऊन बसायचे, डोळे मिटायचे आणि गावं घ्यायचे. भादली, नशिराबाद, असोदा. एकेक घर आठवून सांगायचे, मी टाकत जायची. असोद्याची पाळी आली तेव्हा आमचंही घर आलं, कारण बहिणीची भांडी याच दुकानातली. नानांचं नाव, थोरली मुलगी दिली भुसावळला, धाकटी घरी. धाकटी म्हणजे मी. शेठजी डोळे उघडून हसले आणि म्हणाले, "हिचं वय तू टाक बेटा, मी कसं सांगू?" मी खरं वय टाकलं. कोर्सच्या मास्तरांनी शिकवलं होतं की मशीनला चुकीचं खाऊ घातलं तर ते चुकीचंच बाहेर टाकतं. खरं खाऊ घातलं तरी कसा घोळ होतो, हे त्यांनी शिकवलं नव्हतं.

आता दुकानाची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. ज्या घरी मुलीचं लग्न पक्कं ठरलं, त्या घरी दुकानाकडून एक पितळी गडवा, म्हणजे पाणी प्यायचा तांब्या, जायचा. घासून चकचकीत केलेला, गळ्याला लाल दोरा, आत तांदूळ आणि हळकुंड. दुकानातले सगळ्यात जुने नोकर, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, जीपमधून जायचे, घरच्या बाईच्या हातात गडवा द्यायचे, "शेठजींनी बोलावणं केलंय" एवढं बोलायचे आणि चहा पिऊन परत यायचे. शेठजींच्या वडिलांपासूनची ही पद्धत. गावोगावी तिचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. पत्रिका छापून यायच्या आत गडव्यावरून बातमी फुटायची. शेठजी म्हणूनच फार जपून असायचे. साखरपुडा झाल्याचं घरच्या माणसाच्या तोंडून ऐकल्याशिवाय ते गडवा घासायलासुद्धा काढू देत नसत.

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर शेठजी पालिताण्याला यात्रेला गेले. मी धुळ्याला होते. तिथल्या दुकानातही कॉम्प्युटर बसला होता आणि ओळखी भरायचं काम माझ्याकडे आलं होतं. फ्लॉप्या वाकू नयेत म्हणून शेठजींनी मला दुकानातला एक स्टीलचा डबा दिला होता, तो मांडीवर घेऊन मी बसनं धुळ्याला गेले. राहायला आत्याकडे. ती रोज संध्याकाळी विचारायची, "डब्यात काय आणलं?" आणि मी फ्लॉप्या दाखवल्या की निराश व्हायची.

इकडे जळगावात धाकट्या शेठना मोकळं रान मिळालं. त्यांचं म्हणणं, लग्न ठरल्यावर गडवा पाठवून काय फायदा? तोवर दुसरी दुकानं घरात शिरलेली असतात. आपल्याकडे कॉम्प्युटर आहे, तर आपण सगळ्यांच्या आधी पोचलं पाहिजे. त्यांनी पुण्याच्या त्या माणसाला बोलावून मशीनला विचारलं, कोणाकोणाच्या घरी बाराच्या पुढची, अजून न दिलेली मुलगी आहे? मशीननं आज्ञाधारकपणे लांबलचक कागद काढला. तो फाडायला मी तिथे असते तर पहिल्याच पानावर ओरडले असते. आबांनी म्हणे एकदा विचारलं, "इतकी लग्नं एकदम कशी ठरली?" धाकटे शेठ म्हणाले, "कॉम्प्युटरनं काढलंय आबा." आबांना वाटलं, त्या खोक्याला आतून काहीतरी कळत असेल. जीप भरली आणि निघाले. एक जीप जळगावच्या बाजूनं, आणि धुळ्याच्या गावांसाठी एक थेट महामार्गानं.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. शनिवारी धुळ्याचं काम आटोपून मी बसनं जळगावला आले, तिथून असोद्याच्या बसमध्ये बसले. बसमधल्या दोघी-तिघी माझ्याकडे बघून हसत होत्या. गावात उतरले तर स्टँडवर आमच्या शेजारच्या अक्का उभ्या. त्यांनी माझी हनुवटीच धरली.

"काय व, पेढे कोठी हायेत?"

"कशाचे पेढे अक्का?"

"आता लपवू नको बाई. गडवा आला ना घरी. गाव कोनतं हाये, तेवढं सांग."

मी तिथेच थांबले. गडवा म्हणजे काय हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. पहिला विचार मनात आला तो नवऱ्याचा नाही, गावाचा नाही. माझ्या टेबलावर अर्धवट राहिलेल्या नशिराबादच्या ओळखींचा आला. आता त्या कोण भरणार, असं वाटलं आणि डोळ्यांत पाणीच आलं. अक्कांना वाटलं मी लाजले.

गल्लीत वळून ओट्याखाली पाहिलं. अनोळखी जोडे नव्हते. पण आत देवापुढे लाल दोऱ्याचा गडवा ठेवलेला होता, आणि घरात कोणी कोणाशी बोलत नव्हतं. माय चुलीपाशी पाठ करून बसलेली, नाना पलंगावर पंचा खांद्यावर टाकून. दोन दिवस घरात काय झालं होतं ते मला नंतर तुकड्या-तुकड्यांनी कळलं. गडवा आला तेव्हा नाना शेतात होते. मायला वाटलं, नानांनी बाहेरच्या बाहेर कोणाला शब्द दिला आणि आपल्याला विचारलंसुद्धा नाही. नाना घरी आले तर त्यांना वाटलं, मायनं आणि मामानं मिळून ठरवलं. दोघं एकमेकांवर रुसून बसले. शेवटी नानांनी सायकलवर माणूस धाडून मामाला विचारलं, तर मामा म्हणाला, मला तर काहीच ठाऊक नाही. मग दोघांचा राग उतरला आणि दोघांना एकदमच एक तिसरं माणूस आठवलं.

मायनं माझ्याकडे न बघता विचारलं, "कोन हाये तो?"

"कोण म्हणजे?"

नाना म्हणाले, "दुकान तुह्यं. गडवा तुह्या दुकानाचा. आठ दिस झाले तू धुळ्याले. आम्ही कोन्हाले सबद दिला नही, तुह्या मामानंबी दिला नही. मंग आम्ही काय समजाचं, तूच सांग."

मला भयंकर राग आला. आठ दिवस मी आत्याच्या ओसरीवर झोपले, सकाळ-संध्याकाळ दुकान ते घर याशिवाय पाऊल टाकलं नाही, आणि इथे माझं स्वयंवर उरकलं होतं. कशीबशी म्हणाले, "नाना, हे कॉम्प्युटरनं केलं असेल. त्यात सगळ्यांच्या मुलींची वयं आहेत."

"मशीनले माह्या पोरीचं वय कोनं सांगतलं?"

"मीच."

हे ऐकून मायनं कपाळावर हात मारून घेतला. मला काय म्हणायचं होतं आणि त्यांना काय ऐकू गेलं, हे सावरता सावरता माझी पुरेवाट झाली. जितकं समजावत गेले तितकं ते जास्त संशयास्पद होत गेलं. शेवटी नाना उठले. "सोमवारी मी येतो दुकानात. गडवा वापस करतो. अन् तुह्या नोकरीचंबी काय ते पाहू." ते ज्या आवाजात बोलले त्यावरून काय पाहणार ते मला कळलं.

रविवारी तर कहर झाला. दिवसभर बाया येत राहिल्या. कोणी भरताची वांगी घेऊन आलं, कोणी नुसतं तोंड घेऊन. माय चहा करत राहिली. हो म्हणावं तर मुलगा कोण ते सांगायला हवं, नाही म्हणावं तर गडवा देवापुढे दिसतोय. ती नुसती मान हलवायची, आणि त्या मानेचा अर्थ ज्याला जो हवा तो घेऊन जायचा.

सोमवारी सकाळी नानांच्या मोटारसायकलवर मी मागे बसले. गडवा माझ्या मांडीवर, वरून टॉवेल. पण खड्ड्यात गाडी उडाली की टॉवेल सरकायचा आणि लाल दोरा बाहेर यायचा. असोद्याच्या स्टँडवरच्या लोकांनी आम्हाला जाताना पाहिलं आणि बहुतेक भांडी ठरवायला निघाले असंच समजले. मी नानांच्या पाठीकडे बघत होते आणि उद्यापासून घरी बसायचं या विचाराशी झगडत होते. खरं सांगायचं तर मला भीती कमी आणि अपमान जास्त वाटत होता. न केलेल्या गोष्टीसाठी सगळं जाणार होतं.

दुकानाची पायरी चढलो आणि दोघंही दारातच थबकलो.

गादीवर बाप बसले होते. ओळीनं बाप, आणि प्रत्येकाजवळ एक गडवा. कोणी मांडीवर धरलेला, कोणी कापडी पिशवीत, एकानं तर पुरावा मांडावा तसा आपल्यापुढे गादीच्या मधोमध ठेवलेला. भादलीचे होते, नशिराबादचे होते, एक जण भुसावळहून आलेले. शेठजी त्याच सकाळी पालिताण्याहून उतरले होते, अंगावर प्रवासाचेच कपडे, आणि एकेकापुढे हात जोडत फिरत होते. धाकटे शेठ नाव घालायच्या मशीनमागे उभे राहून, नसलेली कामं करत होते. तेवढ्यात धुळ्याच्या दुकानातून फोन आला. शेठजींनी रिसीव्हर कानाला लावला आणि लगेच हातभर लांब धरला. सोनगीरहून आलेल्या कोणा बापाचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

"शेठ, मनी पोर आते आठवीमा शे! तिनं लगन लावू का मी? बठ्ठं गाव हासी ऱ्हायनं!"

आठवीतल्या पोरीचं लग्न ऐकून गादीवरचे दोन बाप हसले. मग तिसरा हसला. मी नानांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. ते त्या ओळीवरून नजर फिरवत होते, एकेक गडवा बघत होते, आणि त्यांचे आखडलेले खांदे हळूहळू खाली आले. जे आमच्या घरी झालं तेच या सगळ्यांच्या घरी झालं होतं, हे त्यांना माझ्या तोंडून पटलं नव्हतं, ते गादीवर बसलेलं दिसलं. माझा जीव भांड्यात पडला, आणि तोही त्या दुकानात, जिथे भांड्यांना तोटा नव्हता.

नाना भुसावळवाल्यांशेजारी जाऊन बसले. दोघांनी तंबाखू काढली. "तुमच्याकडं बी?" "हो ना. बायको दोन दिवस बोलली नाही." अशी त्यांची ओळख झाली. एक बाप मात्र खुशीत होता. गडव्याची बातमी ऐकून त्यांच्याकडे दोन चांगली स्थळं आपणहून चौकशीला आली होती, आणि गडवा परत तर मागत नाहीत ना, एवढंच विचारायला ते आले होते.

शेठजींनी मला हाक मारली. "बेटा, हे कसं झालं?"

मी बोलायच्या आत धाकटे शेठ म्हणाले, "मशीनमध्ये काहीतरी गडबड आहे."

हे मात्र मला सहन झालं नाही. शनिवारपासून गिळलेलं सगळं वर आलं. "मशीनमध्ये काही गडबड नाही," मी म्हणाले. "तुम्ही वय विचारलं, त्यानं वय सांगितलं. लग्न ठरलं का, हे त्याला कोणी विचारलंच नाही. आणि विचारलं असतं तरी त्याला माहीत नव्हतं, कारण ते टाकायला त्यात जागाच नाही. तुमचं लग्न ठरलं तेव्हा कॉम्प्युटरला विचारलं होतं का?"

हे मी बोलले होते. इतक्या पुरुषांपुढे, आणि मालकाच्या मुलाला. मला वाटलं, आता नाना उठतील आणि दंडाला धरून घरी नेतील. त्यांनी तंबाखू तोंडात टाकली. शेठजी हसायला लागले. डोळे पुसेपर्यंत हसले. मग म्हणाले, "मग जागा कर. काय करायचं ते सांग."

"एक रकाना घालायचा. घरून निरोप आला का. निरोप आला असेल तर कोणी दिला, त्याचं नाव. तो रकाना रिकामा असेल तर ते घर कागदावर येणारच नाही. मग वय काहीही असो."

"म्हणजे मी जे तोंडी करत होतो तेच," शेठजी म्हणाले. मग धाकट्या शेठकडे वळून, "ऐकलं? आजपासून हिच्या खोलीतून कागद निघेल तेव्हाच जीप निघेल."

मी काचेच्या खोलीत गेले आणि कामाला लागले. प्रोग्राममध्ये रकाना वाढवायचं मला येत होतं, यादी काढायची पद्धत तेवढी पुण्याच्या माणसाला बदलायला सांगायची होती. थोड्या वेळानं बघते तर नाना दारात. वहाणा बाहेर काढून आत आले आणि स्टुलावर बसले, गडवा मांडीवर. हिरव्या अक्षरांकडे बघत राहिले. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं.

"आपलं घर यात कोठी हाये? दाखव."

मी काढून दाखवलं. बोट ठेवून वाचून दाखवलं. त्यांचं नाव, गाव, बहिणीचं, भुसावळ, काय काय भांडी नेली. मग धाकटी, आणि वय.

"अन् तुह्या नावापुढं दुसरं काय लिखेल हाये?"

"काही नाही नाना."

"काहीच नही?"

"काहीच नाही."

त्यांनी मोठा श्वास सोडला. मग बराच वेळ गडव्याचा लाल दोरा बोटानं चाचपत राहिले. मला ओरडले म्हणून त्यांना वाईट वाटत होतं हे मला दिसत होतं, पण तसं म्हणायची आमच्या घरात पद्धत नव्हती. तेवढ्यात शेठजी आत आले. नानांनी गडवा पुढे केला, तर त्यांनी हात मागे घेतले. "नाही नाना. गेलेला गडवा आम्ही परत घेत नसतो. चूक आमची. घरी ठेवा, पाणी प्या त्यानं. खरं लग्न ठरेल तेव्हा दुसरा येईल. तुम्ही फक्त निरोप द्या."

नानांनी मान हलवली. मग माझ्याकडे वळले. "त्या नव्या रकान्यात आपल्या घराचं आत्ताच लिहून टाक."

"काय लिहू? निरोप तर नाही."

"निरोप कोन देईन ते लिही. तू देशीन. तू सांगशीन तव्हाच निरोप. माह्या नावानं नको लिहू, मामाच्याबी नको." मग शेठजींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अन् हे काम अर्धं टाकून चालाचं नही. ते पहिलं काय बोललो होतो ते सोडून दे."

मी पडद्याकडे तोंड वळवलं, कारण माझा चेहरा त्यांना दाखवण्यासारखा राहिला नव्हता. रकाना मीच घाईत लहान केला होता, त्यात नाना बोलले ते सगळं मावेना. दोनदा खोडलं. शेवटी 'पोरगी सांगेल' एवढंच टाकलं आणि कळ दाबली. नानांनी ते मला वाचून दाखवायला लावलं. "हां," म्हणाले, वहाणा घातल्या आणि निघाले. जाताना गडवा मोटारसायकलच्या हँडलला दोऱ्यानं अडकवला. टॉवेल मला देऊन गेले.

त्या दिवशी मी पुन्हा नशिराबादला हात घातला. शेठजी नेहमीसारखे डोळे मिटून बसले आणि आम्ही एकेक घर भरत गेलो. प्रत्येक घरापाशी मी विचारायची, निरोप? आणि ते हसून म्हणायचे, रिकामा ठेव.

संध्याकाळी असोद्याला उतरले. गल्लीत वळून सवयीनं ओट्याखाली पाहिलं तर अनोळखी जोडे होते. खतवाल्याचे नव्हते, व्यापाऱ्याचेही नव्हते. नवे काळे बूट, आणि त्यांच्याशेजारी बायकांच्या चपला. गडव्याची बातमी कुठवर पोचली होती कोण जाणे. मी पायरीपाशी थांबले. आतून नानांचा आवाज आला.

"ते मले नका इचारू. पोरगी दुकानातून येईन आत्ता, तिले इचारा. तिनं सांगतल्याबिगर आमच्याकडं काही ठरत नही."

मी माझ्या चपला त्या बुटांशेजारी काढल्या आणि आत गेले.